संमेलनाला सारा गांव. समितीच्या सभेला कोण?

शाळेचा फळा हें गांवचें पहिलें वर्तमानपत्र होय. साप्ताहिक घ्यावयाचें तर गरिबाला पैसा पडतो. फळा वाचावयाला तोही पडत नाहीं. दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरल्या म्हणजे या फळ्यावर बातम्यांची गर्दी होते. एका गांवीं जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेपुढें आम्ही घटकाभर थांबलों आणि फळा वाचून काढला. पहिल्या सत्राच्या परीक्षेचा निकाल. केंद्राच्या क्रीडास्पर्धा, खो-खो, कबड्डी आणि लंगडी. ३ जानेवारी, सावित्रीबाई फुले जयंति, मुलींचीं भाषणें. २६ जानेवारी, प्रभातफेरी आणि झेंडावंदन. फेब्रुवारींत स्नेहसंमेलन, पालकांनीं पोषाखाची तयारी ठेवावी. आणि अगदीं तळाशीं, बारीक अक्षरांत, एक ओळ: शाळा व्यवस्थापन समितीची मासिक सभा, शनिवारीं ११ वाजतां, सर्व सदस्यांनीं हजर राहावें.

त्या शनिवारीं सभेला किती माणसें आलीं, हें आम्हीं पुढें मुद्दाम विचारलें. मुख्याध्यापिकाबाईंनीं खरें तें सांगितलें. तीन माणसें आलीं. बाकीच्यांच्या सह्या मागाहून घरोघर वही नेऊन घेतल्या. त्या गांवचें नांव आम्ही छापीत नाहीं, कारण हें एका गांवचें गाऱ्हाणें नव्हे. आमचा वाचक जेथें बसून हें वाचीत असेल तेथल्या शाळेची वही त्यानें एकदां उघडून पाहावी, आणि मग आम्ही अतिशयोक्ति करितों कीं काय तें ठरवावें.

संमेलन नको असें आमचें म्हणणें नाहीं. धुणेंभांडीं करणाऱ्या आईची पोर चारचौघांपुढें उभी राहून धीटपणें बोलली म्हणजे त्या आईच्या डोळ्यांत पाणी येतें, आणि तें यावेंच. त्या एका रात्रीसाठीं गांव ट्रॉल्या भरून लोटतो, मंडपाला वर्गणी निघते, नाचणाऱ्या पोरांवर नोटा पडतात. परंतु ज्या सभेंत पोरांच्या डोक्यावरच्या छपराचा, ताटांतल्या भाताचा, अंगावरच्या कपड्याचा आणि शाळेच्या पैशाचा निकाल लागतो, त्या सभेला तीन माणसें! नाच पाहावयाला सारा गांव आणि हिशेब पाहावयाला कोणी नाहीं, हा कोठला न्याय?

आतां ही समिति म्हणजे काय, तें नीट समजून घ्या. मुलांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा सन २००९ सालीं झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्या कायद्याचें २१ वें कलम सांगतें कीं शाळेवर एक समिति असावी. तिच्यांत चार सदस्यांपैकीं तीन हे शाळेंतल्या मुलांचे आईबाप असावेत. एकंदर सदस्यांत निम्म्या स्त्रिया असाव्यात. आणि मागें राहिलेल्या व दुबळ्या घरांतल्या पालकांना त्यांच्या मुलांच्या प्रमाणांत जागा मिळावी. आमच्या राज्यांत अध्यक्ष हा पालकांतूनच निवडावयाचा आहे. मुख्याध्यापक हा समितीचा सचिव, मालक नव्हे. सभा महिन्याला निदान एक झालीच पाहिजे, आणि तिचें इतिवृत्त लोकांस पाहावयाला मिळालें पाहिजे. शाळेच्या कामावर देखरेख ठेवणें, आलेला पैसा कोठें गेला तें पाहणें, शाळेच्या विकासाचा आराखडा तयार करणें, हीं या समितीचीं कामें. कलम २२ तर असें म्हणतें कीं हाच आराखडा सरकारनें द्यावयाच्या अनुदानाचा पाया समजावा.

वाचकहो, याचा अर्थ लक्षांत घ्या. गांवच्या शाळेची किल्ली कायद्यानें नांगरधऱ्याच्या, सुताराच्या, शिंप्याच्या, मजूर बाईच्या हातांत दिली आहे. आणि आम्ही ती किल्ली खुंटीला अडकवून संमेलनाच्या मंडपाकडे चाललों आहों.

ही किल्ली फुकट मिळालेली नाहीं. सन १८४८ सालीं पुण्याला भिडे वाड्यांत मुलींची शाळा निघाली, तेव्हां ती चालविणाऱ्या जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांना काय सोसावें लागलें, तें आमच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको. पुढें १८८२ सालीं हंटरसाहेबांचें शिक्षण कमिशन बसलें. त्यापुढें जोतीरावांनीं लेखी कैफियत दिली. तिचा मतलब असा, कीं सरकारच्या तिजोरींतला पैसा रयतेच्या घामाचा, आणि तो खर्च होतो वरच्या वर्गांच्या वरच्या शिक्षणावर. तेव्हां निदान बारा वर्षांपर्यंतचें प्राथमिक शिक्षण सक्तीचें करा, होतां होईल तों शिक्षक शेतकरी वर्गांतून घ्या, आणि मुलांना वाचन, लेखन, हिशेब यांबरोबर शेतीची आणि आरोग्याची माहिती द्या. बडोद्याला सयाजीराव महाराजांनीं १८९३ सालीं अमरेली तालुक्यांत सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ सालीं तो सर्व राज्याला लावला. कोल्हापूरला शाहू महाराजांनीं १९१७ सालीं प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचें केलें, आणि मूल शाळेंत न धाडणाऱ्या बापाला महिना एक रुपया दंड ठेविला.

शाहू महाराजांचा दंड मूल न धाडणाऱ्याला होता. आज मूल धाडून पाठ फिरविणाऱ्याला दंड नाहीं. पण त्याचें मूल तो दंड भरीतच असतें. गळक्या वर्गांत बसून भरतें, पातळ वरण पिऊन भरतें, डिसेंबरांत मिळालेल्या आखूड सदऱ्यांत कुडकुडत भरतें.

हें आम्ही उगाच म्हणत नाहीं. गणवेशाचीच गोष्ट घ्या. दर मुलामागें वर्षाला दोन गणवेश, त्यांस ६०० रुपये, असें प्रमाण आहे. पूर्वीं हें काम शाळेच्या समितीकडे असे. समितीनें कापड घ्यावें, गांवांतल्या शिंप्यानें मापें घेऊन शिवावें. पोराला कपडा होई आणि शिंप्याच्या घरीं चूल पेटे. सन २०२४-२५ सालीं सरकारनें सगळ्या राज्याला एकच कापड एका ठिकाणाहून देण्याचें ठरविलें. परिणाम काय झाला? पाऊस येऊन गेला, स्वातंत्र्यदिन होऊन गेला, आणि कित्येक शाळांत गणवेश पोंचला नाहीं. पोंचला तेथें कोणाला ढगळ, कोणाला तोकडा. ओरड झाली. शेवटीं डिसेंबर २०२४ मध्यें सरकारला तें काम पुनः शाळा समित्यांकडे सोंपवावें लागलें. मुंबईला बसून पोराच्या छातीचें माप घेतां येत नाहीं, एवढें यावरून सिद्ध झालें. परंतु काम समितीकडे परत आलें म्हणून समिति जागी झाली असें होत नाहीं. समितीचे सदस्य घरीं बसले, तर कापड कोणत्या दुकानचें, शिलाई कोणाला, हें सर्व दुसरेंच कोणी तरी ठरवील आणि वहींत सह्या मात्र तुमच्या राहतील.

दुपारच्या जेवणाचें तसेंच. पांचवीपर्यंतच्या मुलाला दर दिवशीं १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल, हें सरकारी माप आहे. त्यांतून ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिनें पोटांत जावींत अशी अपेक्षा. आमच्या आयाबायांना हिशेब येत नाहीं असें म्हणणाऱ्यानें हें माप त्यांच्यापुढें ठेवावें. चाळीस पोरांना किती डाळ लागते, हें पातेल्याकडे नुसतें पाहून त्या सांगतील. पंगतीला चाळीस मुलें असून डाळ वीस मुलांपुरतीच पडली, तर बाकीची कोठें गेली हें विचारावयाला पदवी लागत नाहीं.

येथेंच आमच्या बोलण्याचा मुख्य मुद्दा आहे. आमचे लोक सभेला न जाण्याचें पहिलें कारण सांगतात तें असें: "आम्ही अडाणी. तेथें कागद वाचतात, ठराव लिहितात. आम्हांला त्यांतलें काय कळतें?" हें वाक्य आम्हांस आमच्या पूर्वजांपासून पाठ झालें आहे, आणि दुसऱ्यांनीं तें आमच्याकडून पाठ करून घेतलें आहे. आम्ही विचारितों, शाळेंत असें आहे तरी काय, जें आमच्या हातांना कळत नाहीं? बांक खिळखिळा आहे कीं मजबूत, तें सुताराला कळत नाहीं काय? भिंतीची चीर वरवरची आहे कीं पायापर्यंत गेली आहे, तें गवंड्याहून अधिक कोणाला कळतें? खिडकीच्या गजाचें वजन लोहाराला, पाण्याच्या टाकीचा उतार पाट काढणाऱ्या शेतकऱ्याला, कापडाचा कस शिंप्याला, भाताची शिते स्वयंपाक करणाऱ्या बाईला कळतात. उलट ज्याला तुम्ही शहाणा समजून सर्व त्याच्यावर टाकतां, त्याला यांतलें एकही कळत नसतें. त्याला फक्त कागद कळतो. समितींत तुम्हांला बोलाविलें आहे तें याच शहाणपणासाठीं. अक्षर येत नसेल तर शेजारीं चौथीतली तुमचीच मुलगी बसवा आणि तिच्याकडून ठराव मोठ्यानें वाचून घ्या. तिचाही अभ्यास होईल.

दुसरें कारण मजुरीचें. दिवस बुडाला तर संध्याकाळची भाकरी बुडते, हें खरें आहे, आणि तें हसण्यावारी नेणाऱ्यांपैकीं आम्ही नव्हे. परंतु सभा भर दुपारींच घ्यावी असें कोणत्या कायद्यांत लिहिलें आहे? सभा केव्हां घ्यावी हें समितीनेंच ठरवावयाचें. संध्याकाळीं जनावरें गोठ्यांत बांधून झाल्यावर, किंवा आठवड्याच्या बाजाराला सुट्टी असते त्या दिवशीं, सभा ठेवा असा ठराव करा. शिक्षकांनाही घरीं जावयाचें असतें, त्यांच्याशीं बसून सोयीची वेळ काढा. महिन्याला एक घटका ही कोणाच्या संसाराला जड नाहीं.

तिसरें कारण कोणी तोंडानें सांगत नाहीं, पण तें सर्वांत मोठें आहे. "प्रश्न विचारला तर मास्तर आमच्या पोरावर राग काढतील." आमचा अनुभव असा कीं चांगल्या शिक्षकाला पालकांची सभा हवी असते. दोन शिक्षकांनीं चार-पांच वर्ग सांभाळावयाचे, त्यांत निवडणुकीचीं आणि गणतीचीं कामें; अशा शिक्षकामागें गांव उभा राहिला तर त्याचेंही बळ वाढतें. छप्पर गळतें असा अर्ज एकट्या मुख्याध्यापकानें केला तर तो तालुक्याच्या टेबलावर पडून राहतो; तोच अर्ज बारा आईबापांच्या सह्यांनीं गेला तर त्याला पाय फुटतात. आणि एखादा शिक्षक खरोखरच पोरावर राग काढणारा असेल, तर त्याला विचारावयाला समितीच हवी. एकट्यानें जाऊं नका; चौघे मिळून जा.

बायकांच्या जागांविषयीं दोन शब्द लिहिल्यावांचून आमच्यानें राहवत नाहीं. निम्म्या जागा त्यांच्या. पण किती गांवीं वहींत नांव बाईचें, खुर्चींत बसतो नवरा, आणि बाई घरीं भाकरी थापीत असते! सावित्रीबाईंच्या तसबिरीला हार घालणारे आम्ही, आणि आमच्याच घरची बाई सभेला निघाली कीं "तुला काय कळतें" म्हणणारेही आम्हीच. मुलगी शाळेंत कां येईनाशी झाली, संडासाला दार आहे कीं नाहीं, पाण्याचा नळ चालतो कीं नाहीं, हे प्रश्न बाईनेंच विचारावयाचे आहेत. पुरुषाला ते सुचत नाहींत. सुचले तरी तो ते विचारीत नाहीं.

आतां जें सर्वांत निकडीचें तें सांगतों. दसरा-दिवाळी झाली कीं मराठवाड्यांतून आणि दुष्काळी तालुक्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. कोयत्याबरोबर पोरेंही जातात. शाळेच्या पटावर नांव राहतें आणि पोर फडांत पाचटावर झोपतें. अशा मुलांसाठीं हंगामी वसतिगृहाची योजना आहे. आईबाप कारखान्याकडे गेले तरी मूल गांवींच आजी किंवा नातेवाइकांजवळ राहावें, त्याच्या जेवणाची सोय व्हावी आणि शाळा बुडूं नये, असा तिचा हेतु आहे. तीही चालवावयाची शाळा समितीनें. म्हणजे कोणाचीं मुलें जाणार, किती राहणार, ही यादी टोळी निघण्यापूर्वीं समितीच्या सभेंत झाली पाहिजे. ती सभा तीन माणसांत उरकली आणि मजुराच्या घरचें कोणीच तेथें नसलें, तर यादींत त्याच्या मुलाचें नांव कोण घालणार? आणि नसलेल्या मुलांचीं नांवें कोणीं घातलीं, तर तीं खोडणार कोण?

याहून मोठी गोष्ट शाळा टिकण्याची. सन २०१७ च्या अखेरीस सरकारनें दहांहून कमी पट असलेल्या १३०० वर शाळा बंद करण्याचें ठरविलें. सन २०२३ सालीं वीसांहून कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याचे प्रस्ताव मागविले. तशा शाळा सुमारें १५ हजार निघाल्या. या शाळा कोणाच्या? वाड्या, तांडे, पाडे आणि धनगरवस्त्या यांच्या. सरकार म्हणतें, मोठ्या शाळेंत सोयी अधिक. असतीलही. परंतु सात वर्षांच्या मुलीला ओढा ओलांडून तीन मैल कोण पाठवील? गाडी देऊं म्हणतात. ती गाडी पहिल्या पावसांत रुतली म्हणजे पहिल्यानें मुलगीच घरीं बसते, आणि मग तिचें लग्न होतें. पट कमी कां झाला, गांवांत शाळेबाहेर किती मुलें आहेत, तीं परत कशीं आणावयाचीं, हें ज्या समितीनें दर महिन्याला लिहून ठेविलें, तिला साहेबापुढें बोलावयाला तोंड असतें. जिच्या वहींत बारा महिन्यांचे बारा कोरे ठराव आणि घरोघर जमविलेल्या सह्या, ती काय बोलणार? शाळेला कुलूप लागतें त्या दिवशीं सारा गांव गोळा होतो. तो त्याआधीं बारा शनिवार आला असता तर कुलूप लावणाऱ्यालाही विचार करावा लागला असता.

कोणी म्हणेल, आम्हीं आमचा मुलगा तालुक्याच्या इंग्रजी शाळेंत घातला. आम्हांला या शाळेचें काय? त्यांना आम्ही एवढेंच सांगतों, कीं तुमच्या भावाचा मुलगा, तुमच्या शेतावर राबणाऱ्याची मुलगी याच शाळेंत आहे. आणि पाऊस दोन वर्षें दगा देऊन फी भरवेनाशी झाली म्हणजे तुमचाही मुलगा येथेंच येणार आहे. विहिरीचें पाणी आपण पीत नाहीं म्हणून तींत कोणी घाण टाकूं देत नाहीं.

तेव्हां, शेतकरी आणि कारागीर बंधुभगिनींनो, आमची विनंति थोडी आहे. पुढल्या सभेची तारीख फळ्यावर पाहा, आणि दिसली नाहीं तर शाळेंत जाऊन विचारा. सदस्य असाल तर स्वतः जा. नसाल तर जो सदस्य आहे त्याला घरून उठवून धाडा, आणि इतिवृत्त लागलें म्हणजे वाचा. सभेंत चार गोष्टी विचारा. यंदा शाळेला अनुदान किती आलें आणि कशावर गेलें? पटाच्या मानानें तें दहा हजारांपासून लाखापर्यंत येतें. तुमच्या शाळेचा आंकडा तुम्हांला पाठ पाहिजे. जेवणाचें धान्य किती आलें आणि किती मुलें जेवलीं? गांवांतलें कोणतें मूल शाळेबाहेर आहे? आणि शाळेचा आराखडा लिहिला आहे काय? सरकारी वर्ष ३१ मार्चला संपतें; आराखडा हिंवाळ्यांतच लिहिला नाहीं, तर पुढल्या वर्षाचा पैसा कशासाठीं मागणार? दर दोन वर्षांनीं समिति नवी होते. त्या निवडीच्या पालकसभेला तर एकही घर मागें राहूं नये. कारण त्या दिवशीं गैरहजर राहिलेल्याची जागा रिकामी राहत नाहीं, ती दुसरा कोणी तरी भरतो. वाचल्यावांचून मात्र सही करूं नका. घरीं वही घेऊन कोणी आलें तर त्याला पाणी द्या आणि सांगा, सही सभेंत करीन.

३ जानेवारीला आमच्या मुली सावित्रीबाईंवर भाषणें करतील. तीं ऐकावयाला सारा गांव जमेल; जमावाच. त्या दिवशीं भाषणें झाल्यावर आणि खाऊ वाटण्यापूर्वीं, समितीच्या अध्यक्षानें उठून शाळेचा वर्षाचा जमाखर्च सर्वांपुढें वाचावा, आणि गांवानें तो ऐकावा, अशी सूचना आम्ही सर्व गांवच्या समित्यांस करितों. मंडप तोच, माणसें तींच, वेळ फार तर पाव घटका. ज्या शाळेंत असें होईल तेथल्या मंडळींनीं आम्हांस जरूर कळवावें. ती बातमी आम्ही पहिल्या पानावर छापूं.